स्वभावाचे माप

दिवाळी जवळ आली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे घरात भाजणीचा खमंग वास, आणि दुसरी म्हणजे 'आवडत्या रंगावरून स्वभाव ओळखा' अशा मथळ्याचा एखादा तक्ता. पूर्वी हा तक्ता साप्ताहिकाच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी असे. आता तो मुलामुलींच्या मोबाइलवर येतो, एवढाच फरक. निळा आवडणारे शांत, तांबडा आवडणारे तापट, पांढरा आवडणारे निर्मळ मनाचे. करडा आवडणाऱ्यांविषयी काय लिहावे ते तक्ताकाराला सुचलेले नसते, म्हणून तो त्यांना 'गूढ' म्हणतो आणि मोकळा होतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की अशा तक्त्यांचा मी मोठा चाहता आहे. मी ते आधी वाचतो आणि मग त्यांच्यावर टीका करतो. न वाचता टीका करण्याची हातोटी मला अजून साधलेली नाही.

तर टीका अशी. या तक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. माणूस दुकानात जातो, त्याच्यापुढे पन्नास रंगांचे ढीग असतात आणि त्याचा स्वभाव त्याचे बोट धरून त्याला नेमक्या ढिगापाशी नेतो. आमच्या भोर-वेल्ह्याकडे हे ढीग लावले कुणी होते?

भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे गाव; नीरेच्या काठचे, राजवाड्याचे. वेल्हे हे तोरण्याच्या पायथ्याचे. तालुक्याला आता सरकारने राजगड असे नाव दिले आहे. पण एसटीत चढलेला माणूस अजून वेल्ह्याचेच तिकीट मागतो. हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ ही जुनी नावे याच मुलखातली. माझ्या लहानपणी इथल्या पुरुषाचा वेष म्हणजे धोतर, बंडी, डोक्याला मुंडासे नाहीतर पांढरी टोपी आणि खांद्यावर घोंगडी. बाईचा वेष म्हणजे नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी. भोरच्या पेठेत वकील-मास्तरांचे कोट आणि पाटलोणी दिसत, पण त्या मोजक्या. बाकी डोंगरापासून नदीपर्यंत सारा मुलूख एकाच ठाणातून कापून काढल्यासारखा. तक्त्याच्या हिशेबाने सगळ्या मावळाचा स्वभावही एकच असायला हवा होता! पण गावच्या पारावर एखादी संध्याकाळ काढून पाहा. चिडका, चिकट, घुमा, बडबड्या, उधळ्या आणि कावेबाज असे सगळे एकाच रंगाच्या टोप्या घालून शेजारी शेजारी बसलेले सापडतील. आणि तुमचे नशीब चांगले असेल तर त्यांच्यात एखादा देवमाणूसही.

मग त्यांचा स्वभाव कपड्यांत उतरतच नव्हता म्हणायचा का? भरपूर उतरत होता. तो रंगात आणि कापडात शोधू नये, एवढेच.

त्या पांढऱ्या टोपीचेच घ्या. टोपी तीच, दुकान तेच, किंमतही तीच. पण एक जण ती कपाळावर दोन बोटे ठेवून अगदी सरळ घालायचा. जणू पंचांसमोर साक्षीला उभा आहे. दुसरा तीच उजव्या भुवईकडे अशी कलती ठेवायचा की तो नुसता समोरून गेला तरी बायका पदर सावरीत. तिसऱ्याची टोपी डोक्यावर असे म्हणण्यापेक्षा डोके टोपीत असे. आणि खळीचे तर विचारूच नका. आमचा भाताचा मुलूख. घरोघर आंबेमोहोराची पेज. काही घरी त्या पेजेतली वाटीभर टोपीसाठी बाजूला निघे. अशी खळ दिलेली, निळीत बुडवून काढलेली टोपी चढवून माणूस निघाला की तिची घडी कागदासारखी ताठ राही, आणि तिच्या खालची मानही. शेजारच्या घरी पेज जास्त नव्हती असे नाही, पण तिथला धनी म्हणे, "पोटात जायची वस्तू डोक्यावर कशाला?" दोन्ही घरांची जमीन जवळजवळ सारखीच होती.

वहाणांचे तसेच. आमच्या आळीत एक गृहस्थ होते. ते यायच्या आधी त्यांच्या वहाणा येत. चांभाराला सांगून त्यांनी त्या मुद्दाम करकरत्या करून घेतलेल्या असत. कोपऱ्यावर करकर ऐकू आली की आम्ही पोरे गोट्या खिशात घालून पुस्तके उघडीत असू. याच गृहस्थांच्या सख्ख्या भावाच्या वहाणांना कधी आवाज म्हणून आला नाही. तो मांजराच्या पावलांनी यायचा, आणि गोट्या जप्त व्हायच्या त्या त्याच्याकडूनच. बहिर्मुख आणि अंतर्मुख हे शब्द मी पुढे कॉलेजात शिकलो. त्यांचा अर्थ मात्र मला या दोन जोड वहाणांनी आधीच शिकवला होता.

स्वभाव आणि कपडे यांचे नाते खरे कुणाला कळत असेल तर ते शिंप्याला. भोरच्या बाजारपेठेत एक म्हातारे शिंपी होते. अलीकडे तयार कपड्यांनी धंदा बसला होता; फॉल-पिको, विजारीची उंची कमी करणे, लेकराच्या गणवेशाची उसवलेली शिवण, असल्या कामांवर मशीन चालायचे. पण एके काळी लग्नसराईत त्यांच्या दुकानाच्या फळीवर टेकायला जागा मिळत नसे. मी एकदा त्यांना म्हटले, "काका, माप घेताना तुम्हाला माणूस कळतो का हो?" ते दात नसलेले हसले. "टेपानं माप कुणीबी घेतंय. गिऱ्हाईक हुबं कसं ऱ्हातंय ते बघायचं असतंय."

मग त्यांनी मला चोरखिशाचे शास्त्र सांगितले. बंडीला आतून चोरखिसा लावायची चाल आमच्याकडे जुनी. पण कुणाला तो डावीकडे हवा, कुणाला दोन्हीकडे, कुणाला काखेत. आणि एकाला तर चोरखिशाच्या आत चोरखिसा. दोघा भावांची बंडी त्यांनी एकाच कापडातून शिवली होती. घरात लग्न होते. थोरल्याने सांगितले, "आत दोन खिसे काढा." धाकट्याने सांगितले, "एकही नको. खिसा असला की लोक उसने मागतात." पुढे त्यांची वाटणी झाली तेव्हा गावाला धक्का बसला, शिंपीकाकांना बसला नाही. कोणाच्या वाट्याला बांध गेला आणि कोणाच्या वाट्याला पाण्याची पाळी, हे त्यांनी मला खिशांवरून बरोबर सांगून दाखवले.

"आणि तुम्हाला योग्य वाटेल तसे शिवा, असे म्हणणारे?" मी विचारले. वाटले होते, तेच सगळ्यांत साधे. काकांनी कपाळाला हात लावला. "त्ये तर तीन-तीन येळा परत येत्यात!"

काकांचे म्हणणे कितपत खरे ते मला एकदा अगदी प्रयोगशाळेत पाहावे तसे पाहायला मिळाले. भोरच्या राजवाड्यात चित्रपटांची चित्रीकरणे होत असतात. असेच एक ऐतिहासिक चित्रण चालले होते आणि मावळे म्हणून उभे राहायला गावातलीच तीसेक माणसे घेतली होती. कपडेपटाच्या माणसाने प्रत्येकाला सारखेच कपडे दिले: एक मळकट रंगाची बंडी, एक विजार, कमरेला शेला, डोक्याला मुंडासे आणि हातात पत्र्याची ढाल. सकाळी आठ वाजता ते तीसही जण साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. दहा वाजेपर्यंत त्यांच्यातला एकही दुसऱ्यासारखा राहिला नव्हता. एकाने मुंडाशाचा शेव पाठीवर असा सोडला की त्याला पाहून कॅमेरावाल्याने दोनदा मान वळवली. एकाने शेला कमरेचा काढून गळ्यात घातला, कारण रात्रीपासून त्याचा घसा बसला होता. दुधाच्या डेअरीत हिशेब लिहिणाऱ्या एका सज्जनाने बंडीच्या बाह्या मोजून तीन-तीन घड्या घालून अगदी सारख्या केल्या. पतपेढीतल्या एका लाजऱ्या मुलाने आतला शर्ट काढलाच नव्हता; गळ्यापाशी चौकडीची कॉलर डोकावत होती आणि दिग्दर्शकाचा मदतनीस दर दहा मिनिटांनी येऊन ती आत खुपशीत होता. एकाने ढाल उलटी धरून तिच्यात शेंगदाणे घेतले होते. आणि आमच्या ओळखीचे, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असे एक कारकून, मुंडासे डोक्यावर चढताच छाती पुढे काढून फिरू लागले आणि चहावाल्याला "ए" म्हणून हाक मारू लागले. ते पाहून त्यांच्या मुलाने तोंड फिरवले.

कपड्याने माणूस बदलतो का, हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी लोकांना पांढरे डगले घालायला दिले. डॉक्टरचा डगला म्हणून घातला तर लक्ष अधिक एकाग्र होते आणि तोच डगला चित्रकाराचा म्हणून घातला तर होत नाही, असे त्यांना आढळले. पुढे २०१९ मध्ये त्या मालिकेतला एक प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला, तर तसा परिणाम काही दिसला नाही. आमच्या कारकुनांचा परिणाम मात्र संध्याकाळी पाचपर्यंत टिकला. पाचला कपडे परत केले आणि सव्वापाचला ते चहावाल्याला "अहो" म्हणत सुट्टे पैसे मोजून देत होते.

स्वभावाची वर्गवारी करण्याची हौस माणसाला जुनी आहे. वैद्यांनी वात-पित्त-कफ केले. गीतेने सत्त्व-रज-तम केले आणि सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप, दान यांचे तीन-तीन प्रकार सांगितले. वस्त्रांचे तेवढे सांगितले नाहीत. दुसऱ्या अध्यायात वस्त्रे आली आहेत, पण ती देहाला उपमा म्हणून. टाकून द्यायच्या संदर्भात. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी जगाला दिली. तिच्यावरून अमेरिकेतल्या एका आईने आणि तिच्या मुलीने माणसांचे सोळा प्रकार पाडले. मोबाइलवरचे बरेचसे तक्ते त्या सोळांचीच नातवंडे आहेत. आजचे मानसशास्त्रज्ञ अशा कप्प्यांना फारसा मान देत नाहीत. त्यांच्या मते स्वभाव हा कमी-जास्त मोजायचा असतो, खणात टाकायचा नसतो. शिंपीकाकाही तेच म्हणत. त्यांच्या वहीत मापे होती, 'प्रकार' नव्हते.

या सगळ्या पंडितांत मला आवडतो तो फ्ल्यूगेल. लंडनला प्राध्यापक होता, फ्रॉइडच्या मार्गातला. १९३० साली त्याने कपड्यांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले आणि कपड्यांशी वागण्याच्या तऱ्हेवरून माणसांचे वर्ग पाडले. कुणी कपड्यांविरुद्ध बंड करणारे, कुणी त्यांचा जुलूम मुकाट सोसणारे, कुणी कपडे हे कर्तव्य समजून घालणारे. पुरुषांचे कपडे सुटसुटीत व्हावेत म्हणून १९२९ मध्ये लंडनमध्ये एक पक्षच निघाला होता. फ्ल्यूगेल त्या पक्षातला. गळ्याशी आवळलेली कॉलर नको, पाय उघडे राहू द्यावेत, वारा लागू द्यावा, असे त्या पक्षाचे म्हणणे. आमचा वेल्ह्याचा शेतकरी या पक्षात न विचारता कित्येक पिढ्या होताच.

फ्ल्यूगेलच्या वर्गांतला एक माझ्या मनात घर करून आहे. काही माणसांना सतत थंडी वाजते, त्यांना अंगावर जाड काहीतरी असल्याशिवाय चैन पडत नाही. आणि ही थंडी हवेतली असतेच असे नाही, माया न मिळाल्याचीही असते, असा त्याचा तर्क. हा तर्क वाचला तेव्हा मला तोरण्याच्या वाटेवरच्या एका वाडीतले आजोबा आठवले. भर चैत्रात, दगड तापलेले असताना, त्यांच्या खांद्यावर काळी घोंगडी असे. लोक हसत. चिंचोक्याची खळ दिलेली ती घोंगडी पावसाळ्यात पाणी झटकून टाकते हे खरे. पण चैत्रात कसला पाऊस? त्यांची दोन्ही मुले मुंबईला गिरणीत होती. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, पण मुले परत आली नाहीत. आजोबांची घोंगडी मात्र खांद्यावरून उतरली नाही. फ्ल्यूगेलचा तर्क शास्त्राच्या कसोटीला उतरतो की नाही, ते शास्त्रज्ञ पाहतील. मी तरी त्या दिवसापासून उन्हात घोंगडी घेतलेल्या माणसाला हसलेलो नाही.

मात्र इथे जरा जपून पाऊल टाकायला हवे. प्रत्येक घोंगडीत दुःख शोधायला निघाले तर फसगत ठरलेली. पावसाळ्यात तोरण्या-राजगडावर शहरातली मुले-मुली चढायला येतात. अंगात पोपटी, नारिंगी पावसाळी कोट. खाली खाचरात लावणी चाललेली असते. तिथे एखाद्या म्हातारीच्या पाठीवर पानांचे इरले असते, दुसरीच्या अंगावर खताच्या पिशवीची खोळ, तिसरीच्या अंगावर प्लास्टिकचा कागद. वरून फोटो निघतो, आणि त्याखाली लिहिले जाते की इरलेवाली परंपरा जपणाऱ्या वृत्तीची. अहो, लावणी करणारी बाई दिवसभर वाकलेली असते. तिला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ झाकलेली हवी. ते काम इरले करते. गुराख्याला उभे राहायचे असते, त्याला घोंगडीची खोळ बरी. आणि कागद स्वस्त म्हणून कागद. इथे निवड केली ती पावसाने, कामाने आणि पैशाने. स्वभावाला त्यात बोलावलेलेच नव्हते.

तालुक्याच्या कचेरीत उतारा काढायला आलेल्या, कोपरावर ठिगळ असलेल्या माणसालाही आपण असेच वाचतो. 'बावळट' असा शेरा आपल्या डोळ्यांत आधीच उमटलेला असतो. त्या ठिगळाचे टाके किती बारीक आणि सरळ आहेत, ते पाहायला कुणी थांबत नाही. स्वभाव वाचायचाच असेल तर तो त्या टाक्यांत होता.

आणि पाऊस, पैसा यांच्यापेक्षाही दांडगा तिसरा एक धनी होता: जात आणि रूढी. कुणी काय घालायचे ते सोडाच, किती लांब नेसायचे हेदेखील ठरलेले. भोरहून वरंध घाट उतरले की महाड. तिथे डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरली होती. मनुस्मृतीचे दहन झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशीही बोलले, आणि बोलले ते लुगड्याविषयी. गुडघ्यापर्यंत वर खोचलेली तुमची नेसण्याची तऱ्हा आणि हातापायांतले ते जड दागिने ही तुमच्या जातीची खूण आहे. ती टाका, आणि इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते लगेच मनावर घेतले आणि नेसण्याची तऱ्हा बदलली. लुगडी तीच, पण आता ती घोट्यापर्यंत आली. चार बोटे कापड खाली आले एवढेच. पण ते खाली आणायला किती शतके लागली!

गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेला सारे कपडे टाकून पंचा पत्करला, आणि आंबेडकर सूट-बुटात वावरले. एक साधेपणाच्या स्वभावाचे आणि दुसरे थाटाच्या, असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मला हे वाचन उथळ वाटते. गांधींनी लंडनमध्ये आणि आफ्रिकेत सूट मनसोक्त वापरला होता. जे होते ते त्यांनी टाकले. ज्याच्या समाजाच्या अंगावर धड कपडा कुणी येऊच दिला नाही, त्याने टाकायचे काय? त्याचा नीट बांधलेला टाय हाही सत्याग्रहच होता. तक्त्यात 'टाय आवडणारे' असा रकाना भरून हे कळायचे नाही.

आता शेवटची गोष्ट. शिंपीकाकांच्या दुकानात एक बाई नेमाने येत. शिवायला काही नसे. त्या चिंध्या मागायला येत. आळीत त्यांना सगळे काकी म्हणत. नवरा मुंबईला गिरणीत असताना वारला तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. १९६५ च्या सुमारास. त्यानंतर त्यांच्या अंगावर मी कधी रंग पाहिला नाही. मळखाऊ करडे लुगडे, बारीक काठ, बिनखणाची चोळी. हात रिकामे, कपाळ रिकामे. बोलणे कमी, हसणे त्याहून कमी. आळीने त्यांच्यावर शिक्का मारून टाकला होता, "काकी मुळातच विरक्त बाई." मी लहान होतो, माझ्याही डोक्यात तेच बसले असते. पण काकी चिंध्या निवडताना मी एकदा दुकानात होतो.

काकांनी गाठोडे त्यांच्यापुढे सोडले. पांढऱ्या, खाकी, करड्या चिंध्या त्यांनी हाताच्या उलट्या बाजूने दूर सारल्या. तांबड्या उचलल्या. राणी रंगाची एक पट्टी उजेडात धरून पाहिली. पोपटी तुकडा आणि जांभळा तुकडा एकावर एक ठेवले, मान डोलावली, जांभळा टाकला आणि हळदी उचलला. काका म्हणाले, "काकी, ह्यो घ्या की, जरीचा हाय." काकींनी तो बोटांत चुरगाळून परत दिला. "चमकतोय नुसता. रंग कुटंय त्याला?" तिथल्या तिथे मला कळले की भोरच्या पेठेत रंगांची एवढी जाण असलेले दुसरे माणूस नसेल. त्या चिंध्यांच्या काकी गोधड्या शिवीत. मधोमध तांबडा चौकोन, त्याला पोपटी त्रिकोणांची महिरप, त्याबाहेर हळदी पट्टा, आणि कडेपासून मध्यापर्यंत मुंगीच्या रांगेसारखे धावदोऱ्याचे टाके. उन्हाला त्यांच्या ओट्याच्या कठड्यावर गोधडी वाळत पडली की येणारा-जाणारा थबकायचा. आणि तिच्या शेजारी, करड्या लुगड्यात, त्या तांदूळ निवडीत बसलेल्या असायच्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवावा असे कळवले. वर्तमानपत्रात ते वाचून काकींची नात पुण्याहून आली. ती तिथे वसतिगृहात राहून शिकते. दिवाळीला तिने आजीसाठी हिरवेगार इरकली लुगडे आणले. रुंद तांबडा काठ, अस्सल. काकी तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांनी ते मांडीवर घेतले, काठ दोन बोटांत धरला, उलटा करून वीण पाहिली. "पोत चांगलाय," म्हणाल्या. मग घडी घालून ट्रंकेत ठेवले. नात दोन दिवस मागे लागली. काकींनी नेसले नाही.

पुढच्या दिवाळीला त्या कठड्यावर नवी गोधडी पडली होती. मधला चौकोन हिरवागार, भोवती इरकलीचा रुंद तांबडा काठ. आळीत हलकल्लोळ झाला. नवे कोरे लुगडे कापले! एवढ्या पैशाचे! नात रडवेली होऊन म्हणाली, "आजी, तुला नेसायचंच नव्हतं का ग?"

"नेसायचं नव्हतं असं कोण म्हंतंय?" काकी म्हणाल्या. "पन आता ते पेलाया आंग ऱ्हायलंय का माजं? हिला बग कसं पेलतंय." आणि त्यांनी गोधडीच्या कोपऱ्यातला एक सैल टाका ओढून घट्ट केला.

ती गोधडी त्यांनी नातीलाच दिली. आता ती पुण्यात वसतिगृहातल्या खाटेवर असते. नातीच्या अंगावर मात्र, मी तिला जेव्हा जेव्हा पाहिले आहे तेव्हा तेव्हा, काळाच सदरा असतो.